घरी गाणं रेकॉर्ड करताना आवाज उशिरा ऐकू येतोय? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा

हेडफोन लावले, तबल्याचा लूप सुरू केला, माईकसमोर गायला सुरुवात केली आणि स्वतःचाच आवाज किंचित मागून ऐकू आला. मग तो आवाज ऐकत ऐकत गाणारा नकळत मागे पडतो. पाच-सहा टेक वाया जातात. शेवटी 'आपला तालच कच्चा आहे' असं वाटून गाणं सोडलं जातं, नाहीतर 'लॅपटॉप जुना झालाय' म्हणून खिशाला कात्री लागते.

बहुतेक वेळा दोष ना तालाचा असतो ना लॅपटॉपचा. दोष असतो सेटिंगचा. या उशिराला लेटन्सी म्हणतात आणि ती कमी करण्याचे बरेचसे उपाय फुकट आहेत.

आवाज उशिरा का येतो?

माईकमधून आलेला आवाज ऑडिओ इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो. ४४.१ किलोहर्ट्झ सेटिंग असेल तर एका सेकंदाला ४४,१०० आकडे, म्हणजेच सॅम्पल तयार होतात. आलेलं प्रत्येक सॅम्पल कॉम्प्युटर लगेच हातात घेत नाही. तो ठरावीक संख्येचा गठ्ठा जमेपर्यंत थांबतो आणि मग पूर्ण गठ्ठ्यावर काम करतो. या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर साईझ.

स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा आठवा. सगळ्या सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. सीट कमी असतील तर रिक्षा लवकर निघते, पण ड्रायव्हरला फेऱ्या जास्त माराव्या लागतात. सीट जास्त असतील तर फेऱ्या कमी होतात, पण आधी येऊन बसलेल्याला थांबावं लागतं. बफरचं अगदी असंच आहे.

४४.१ किलोहर्ट्झला एक गठ्ठा भरायला लागणारा वेळ असा:

- ६४ सॅम्पल: सुमारे १.५ मिलिसेकंद
- १२८ सॅम्पल: २.९ मिलिसेकंद
- २५६ सॅम्पल: ५.८ मिलिसेकंद
- ५१२ सॅम्पल: ११.६ मिलिसेकंद
- १०२४ सॅम्पल: २३.२ मिलिसेकंद

हा वेळ एका बाजूचा झाला. आवाज आत जाताना एक गठ्ठा आणि बाहेर येताना आणखी एक, असा हिशोब दुप्पट होतो. त्यात आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करण्याचा वेळ आणि ड्रायव्हरने राखून ठेवलेला थोडा वेळ मिळवायचा. म्हणजे बफर १०२४ वर असेल तर तुमचा आवाज जवळपास ५० मिलिसेकंदांनी कानात येतो.

५० मिलिसेकंदांनी एवढा काय फरक पडतो?

मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत तीनताल घ्या. एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची. चौगुनीत एका मात्रेत चार बोल, म्हणजे एक बोल १०० मिलिसेकंदांचा. तिथे ५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अर्धा बोल मागे! कितीही तयारीचा कलाकार असला तरी अशा वेळी चाचपडणारच.

दुसऱ्या बाजूने, लेटन्सी अगदी शून्यावर आणायचीही गरज नाही. हवेतून आवाजाला एक मीटर अंतर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजीपासून तीन-साडेतीन मीटरवर बसून गाण्यासारखं. स्टेजवर एवढं अंतर रोजचंच असतं. त्यामुळे जाऊन-येऊन १० मिलिसेकंदांच्या आत आलात तर बहुतेकांचं काम भागतं.

गाणाऱ्यांचा कान मात्र जास्त चोखंदळ असतो. स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. हेडफोनमधला थोडा उशिराचा आवाज त्यात मिसळला की उशीर जाणवला नाही तरी आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो.

मग बफर कायम सगळ्यात लहान का ठेवू नये?

कारण गठ्ठा लहान झाला की तो संपवायची मुदतही लहान होते. १२८ सॅम्पलला कॉम्प्युटरकडे फक्त २.९ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात सगळे ट्रॅक आणि इफेक्ट यांचं गणित झालं नाही, तर त्या जागी आवाजच नसतो. आपल्याला ऐकू येतात ते 'टक-टक', 'चर्र' असे आवाज.

त्यामुळे एकच बफर सगळ्या कामांना चालत नाही. रेकॉर्डिंग करताना बफर लहान ठेवा, ६४ किंवा १२८. मिक्सिंग करताना मोठा करा, ५१२ किंवा १०२४. मिक्सिंगच्या वेळी माईकसमोर कुणी गात नसतं, त्यामुळे प्लेचं बटण दाबल्यावर गाणं क्षणभर उशिरा सुरू झालं तरी काही बिघडत नाही.

सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ केला तर त्याच बफरचा वेळ निम्म्याहून कमी होतो, पण प्रोसेसरचं काम दुपटीहून जास्त वाढतं. साध्या लॅपटॉपवर ४४.१ किंवा ४८ वरच राहिलेलं बरं.

विंडोज वापरताय? आधी ड्रायव्हर बघा

विंडोजमध्ये ब्राउझर, नोटिफिकेशन, व्हिडिओ असे सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करून मग स्पीकरकडे पाठवले जातात. या वळणावर वेळ जातो. तो वाचवण्यासाठी 'क्युबेस' सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाईनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली. तिच्यामुळे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर इंटरफेसशी थेट बोलतं.

इंटरफेस घेतला असेल तर कंपनीच्या वेबसाईटवरून त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. अनेकजण इंटरफेस जोडतात, पण सेटिंगमध्ये विंडोजचाच ड्रायव्हर राहतो आणि मग पैसे खर्च करूनही उशीर तसाच राहतो.

इंटरफेस नसेल तर 'एएसआयओ फोर ऑल' हा मोफत ड्रायव्हर वापरता येतो. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर बांधलेला पूल आहे, म्हणून इंटरफेसचा स्वतःचा ड्रायव्हर मिळत असेल तर तोच घ्या. मॅकमध्ये हे काम 'कोअर ऑडिओ' करतो, तिथे सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही.

सगळ्यात सोपा उपाय: डायरेक्ट मॉनिटरिंग

बऱ्याच इंटरफेसवर 'डायरेक्ट' किंवा 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असतं. ते चालू केलं की माईकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता इंटरफेसमधूनच हेडफोनमध्ये येतो. उशीर जवळजवळ शून्य. मग बफर मोठा असला तरी गाणाऱ्याला फरक पडत नाही.

त्याच वेळी सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. याची एक अडचण आहे. गाताना कानात रिव्हर्ब किंवा इतर इफेक्ट मिळत नाहीत. आणि मिडी कीबोर्ड किंवा गिटारचा सॉफ्टवेअर अँप वाजवत असाल तर हा उपाय चालत नाही, कारण तिथे आवाज तयारच सॉफ्टवेअरमध्ये होतो. त्यांना लहान बफरच लागतो.

बफर कमी करूनही उशीर जात नाही?

मग प्लगइन तपासा. काही प्लगइनना पुढचा आवाज आधी बघून मग काम करावं लागतं. लुकअहेड लिमिटर, लिनिअर फेज इक्वलायझर, नॉईज काढणारे काही प्लगइन यातले. त्यांच्यामुळे होणारा उशीर बफर कमी केल्याने जात नाही. शिवाय सगळे ट्रॅक एकत्र वाजावेत म्हणून सॉफ्टवेअर बाकीच्या ट्रॅकनाही थांबवून धरतं. मास्टर ट्रॅकवर असा एक प्लगइन असला तरी पुरे होतं.

रेकॉर्डिंगपुरते ते बंद ठेवा. तयार झालेले जड ट्रॅक 'फ्रीझ' करा. फ्रीझ केल्यावर इफेक्टसकट तो आवाज फाईल म्हणून साठवला जातो आणि प्रोसेसर मोकळा होतो.

ब्लूटूथ हेडफोन? रेकॉर्डिंगला नकोच

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग पाठवला जातो, मग पुन्हा उलगडला जातो. यात साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद जाऊ शकतात. बफर कितीही कमी केला तरी हा वेळ वाचत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. वायरचे साधे इयरफोन इथे महागड्या वायरलेसला मागे टाकतात.

प्रोसेसर २० टक्केच वापरात, तरी टक-टक का?

कारण इथे सरासरी उपयोगाची नाही, प्रत्येक गठ्ठ्याची मुदत पाळावी लागते. वायफायच्या ड्रायव्हरने मधेच ४ मिलिसेकंद कॉम्प्युटर अडवून धरला, तर २.९ मिलिसेकंदांची मुदत चुकली. मग बाकीचा वेळ प्रोसेसर रिकामा असला तरी उपयोग नाही.

म्हणून रेकॉर्डिंगआधी एवढं करा:

- चार्जर लावून ठेवा आणि पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर न्या. बॅटरीवर लॅपटॉप वेग कमी करतो.
- वायफाय, ब्लूटूथ आणि क्लाउडवर फाईल चढवणारी ॲप्स बंद करा.
- इंटरफेस यूएसबी हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला जोडा.
- तरीही टक-टक थांबली नाही तर 'लेटन्सीमॉन' हा प्रोग्रॅम चालवा. कुठला ड्रायव्हर अडवतोय ते तो दाखवतो.

ऐकताना ठीक, पण रेकॉर्ड झालेलं मागे पडतंय?

ही वेगळी अडचण आहे. ड्रायव्हर सॉफ्टवेअरला आपली लेटन्सी कळवतो आणि सॉफ्टवेअर तेवढं रेकॉर्डिंग मागे सरकवून जागेवर बसवतं. ड्रायव्हरने चुकीचा आकडा सांगितला तर प्रत्येक टेक तेवढाच हुकतो.

तपासायचं कसं? आधी डायरेक्ट मॉनिटरिंग बंद करा. मग इंटरफेसचं आउटपुट एका केबलने त्याच्याच इनपुटला जोडा, मेट्रोनोमची टिकटिक वाजवा आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. त्या ट्रॅकचं मॉनिटरिंगही बंदच असू द्या, नाहीतर आवाज गोल फिरत राहील. दोन्ही ट्रॅक मोठे करून बघा. जेवढा फरक दिसेल तेवढा आकडा सेटिंगमधल्या 'रेकॉर्डिंग ऑफसेट'मध्ये भरा.

मग नवा लॅपटॉप कधी घ्यायचा?

योग्य ड्रायव्हर आहे, जड ट्रॅक फ्रीझ केलेत, बफर १०२४ आहे आणि तरीही मिक्सिंग करताना गाणं अडखळतंय, तेव्हा. सतार, व्हायोलिन अशा वाद्यांच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी वापरत असाल तर आधी रॅम वाढवून आणि एसएसडी बसवूनही बराच फरक पडतो.

दोन-तीन ट्रॅकवर अभंग, भावगीत किंवा कव्हर करणाऱ्यांवर सहसा ही वेळ येत नाही. आजच सुरुवात करायची तर क्रम असा ठेवा: वायरचे हेडफोन, योग्य ड्रायव्हर, डायरेक्ट मॉनिटरिंग, १२८ चा बफर, जड प्लगइन बंद. एवढं करून पुन्हा एक टेक घ्या, आणि आपला ताल कच्चा आहे की पक्का ते त्यानंतरच ठरवा.