दूरचा हात

अणुयुगाचा इतिहास सांगताना आपण भौतिकशास्त्रज्ञांची नावे घेतो. ज्या पदार्थाजवळ उभे राहणेही घातक, तो हाताळायचा कसा, हा प्रश्न सोडविणारे मात्र बहुधा अज्ञातच राहतात. मी यंत्रशास्त्राचा नव्हे, भाषेचा अध्यापक. परंतु हातोटी, हातखंडा, हातगुण असे शब्द घडविणाऱ्या भाषेत वाढलेल्याला हा विषय परका वाटू नये.

शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४९ च्या सुमारास यांत्रिक हातांची जोडी सिद्ध केली. लांब दांड्यांचे चिमटे त्यापूर्वीही होते, बटणावर चालणारी यंत्रेही होती. पण काचेची नळी आपण किती घट्ट धरली आहे, हे अशा यंत्राच्या चालकाला ती फुटल्यावरच कळे. गर्ट्झ यांनी भिंतीबाहेरची मूठ आणि आतला पंजा असे जोडले की, आत जो अडथळा येई तो बाहेरच्या हाताला जाणवावा. १९५४ साली त्यांनी ही यांत्रिक जोडणी काढून विजेची केली. तरीही स्पर्श हातापर्यंत परत आणण्याचा आग्रह सोडला नाही. त्यांचे खरे कर्तृत्व मी यातच मानतो. इंग्रजीत या जोडीला मालक-गुलाम अशी नावे पडली. मला ती रुचत नाहीत, कारण येथे गुलामाला ठेच लागली की कळ मालकाला येते! आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे हात घडविले.

१९८६ साली चेर्नोबिलच्या छपरावरील ढिगारा उपसताना मात्र कित्येक यंत्रे बंद पडली. मग अंगाला शिशाचे पत्रे बांधलेल्या सैनिकांना फावडी देऊन मिनिट-दोन मिनिटांसाठी वर धाडण्यात आले. त्यांना 'जैविक यंत्रमानव' म्हणत. हा शब्द मला आजही सहज उच्चारवत नाही.

जपानमध्ये फुकुशिमा येथे २०११ साली तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. त्याचा मलबा सुमारे ८८० टन असल्याचा अंदाज आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीत सुमारे २२ मीटर लांबीचे, दुर्बिणीसारखे उलगडणारे उपकरण घालण्याचे काम ऑगस्ट २०२४ मध्ये निघाले. ढकलनळ्यांचा क्रम चुकल्याने ते आरंभीच थांबले. सप्टेंबरात टोकाचे कॅमेरे चित्र देईनासे झाले. नोव्हेंबरात अखेर एक खडा बाहेर आला. वजन सुमारे ०.७ ग्रॅम. एप्रिल २०२५ मध्ये काढलेला दुसरा नमुना त्याहूनही लहान होता.