परदेशात शिकायला जाताना पैसा कुणाचा?

बारावी आणि 'नीट'चा निकाल लागला की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या आपल्या मोहल्ल्यांत एकच विषय निघतो. मार्क कमी पडले, मग पोराला बाहेर पाठवायचं का? किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया, जॉर्जिया ही नावं आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. आम्ही शिक्षक, म्हणून पालक आमच्याकडेही येतात. एजंटाने फीचा आकडा सांगितलेला असतो. पोरगं तिथे कसं घडेल, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

आमचं निरीक्षण असं की परदेशी गेलेल्या मुलाची उमेद किती वाढेल, हे बऱ्याच अंशी तो कुणाच्या पैशावर गेला यावर ठरतं.

महाराष्ट्राला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं ते शिकत राहिले. नोकरी मिळवून देणारे हे विषय नव्हते. पण त्यातूनच मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पुढे लंडनला गेले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, ते मुंबईतल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपये घेऊन. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. पैसा संपला तेव्हा त्यांचंसुद्धा शिक्षण थांबलं होतं, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

मुलींच्या बाबतीत आपल्याकडे अजून 'एकटी कशी पाठवायची' हा प्रश्न आहेच. अतिया फैजी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका व्हायला गेल्या होत्या. त्यांची बहीण नाझली जंजिऱ्याची बेगम. अतिया यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला नाही, १९०७ मध्ये परतल्या. पण तिथली रोजनिशी उर्दूत लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' साप्ताहिकात छापून आली आणि घराघरांतल्या बायकांनी वाचली. पुढे त्यांनी भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. सनद न मिळताही बाई घडली.

आता जवळचं बघू. आपल्या रिसोडच्या शेजारचा लोणार तालुका, त्यातलं पिंप्री खंदारे. तिथल्या भटक्या जमातीतल्या शेतकरी घरातले राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या 'सोआस'मध्ये गेले. त्याआधी तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले होते आणि २०१७ मध्ये यवतमाळला 'एकलव्य' हा उपक्रम सुरू केला होता. लंडननंतर तो उपक्रम घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांना परदेशी शिष्यवृत्तीसाठी तयार करू लागला. चेव्हनिंगची अटच आहे, शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं.

आणि आमचा एक माजी विद्यार्थी. मध्य आशियात मेडिकलला आहे. घरात सूदाचं कर्ज नको, म्हणून अब्बांनी सोयाबीनचं शेत विकलं. पोरगा तिथे स्वयंपाक शिकला, पेशंटशी बोलण्यापुरती रशियन शिकला, लाजरा होता तो धीट झाला. हा फायदा खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण शाळेत असताना ज्याला प्रयोगशाळेतून ओढून बाहेर काढावं लागायचं, त्याला पुढे काय करायचंय विचारलं तर म्हणतो, "सर, आधी पास होऊ द्या. शेत परत घ्यायचंय."

पास होणं म्हणजे परतल्यावरची एफएमजीई परीक्षा. ३०० पैकी १५० गुण लागतात, आणि अलीकडच्या बऱ्याच फेऱ्यांत पाचात जेमतेम एकच उत्तीर्ण झाला आहे. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, वर तिथे एक वर्ष इंटर्नशिप, इथे पुन्हा एक वर्ष. एजंटाला यातलं एकेक कलम विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

कर्जावर जाणाऱ्यांना पूर्वी केंद्राच्या 'पढो परदेश' योजनेचा आधार होता. वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत असलेल्या अल्पसंख्याक घरातला मुलगा परदेशात एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला गेला, तर शिक्षणकाळातलं व्याज सरकार भरायचं. २०२२-२३ पासून ती बंद झाली. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण जागा मोजक्या आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे बारा हजार युरो बँकेत दाखवावे लागतात. चेव्हनिंगला २,८०० तास कामाचा अनुभव लागतो, म्हणजे पदवीनंतर लगेच नाही, दीडएक वर्ष नोकरी करून. शिष्यवृत्तीची वाट अशी लांबची आहे. बहुतेक मोठ्या शिष्यवृत्त्या पदवीनंतरच्या शिक्षणाला आहेत, बारावीनंतरच्या मेडिकलला नाहीत. म्हणून आम्ही पालकांना म्हणतो, पदवी इथेच, अमरावती-नागपूर-पुण्यात होऊ द्या. शेत तेवढी वर्षं राहू द्या.

एक छोटी गोष्ट, पण यात अर्ज अडकलेले आम्ही पाहिलेत. टीसीवर 'शेख', आधारवर 'शे.', पासपोर्टवर आणखी तिसरंच. अब्दुल, मोहम्मद, खातून यांची स्पेलिंगं तर दर कागदावर वेगळी. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव मूल शाळेत असेपर्यंत सरळ दुरुस्त होतं, दाखला निघाला की शिक्षण विभागाच्या चकरा सुरू होतात. नववीत असतानाच जन्मदाखला आणि आधार घेऊन एकदा शाळेत या.