गिअर सिलेक्टर स्विच

गिअर सिलेक्टर स्विच : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मोटारगाडीत चालकाने लिव्हर कोणत्या जागी ठेवला आहे, हे विजेच्या संकेताने कळवणारा स्विच. न्यूट्रल सेफ्टी स्विच, इनहिबिटर स्विच, पीएनपी स्विच, ट्रान्समिशन रेंज सेन्सर अशी त्याची नावे कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे दुकानात नुसते नाव न सांगता गाडीचे मॉडेल, वर्ष आणि जमल्यास गिअरबॉक्सचा क्रमांक सांगावा.

लिव्हर पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) वर असेल तरच सेल्फ म्हणजे स्टार्टर लागू देणे, हे या स्विचचे मूळ काम. डी (ड्राइव्ह) किंवा आर (रिव्हर्स) मध्ये सेल्फ लागला तर गाडी जागेवरून उसळू शकते. अमेरिकेत १९६८ सालापासून लागू असलेल्या संघीय वाहन सुरक्षा मानक क्र. १०२ने पुढच्या वा मागच्या गिअरमध्ये स्टार्टर चालता कामा नये, अशी अटच घातली. पुढे त्याच स्विचवर इतर कामेही आली. आरमध्ये रिव्हर्स लाइट लावणे, डॅशबोर्डवर गिअरचे अक्षर दाखवणे आणि गिअरबॉक्सच्या संगणकाला लिव्हरची जागा कळवणे ही त्यांतली मुख्य होत.

बहुतेक गाड्यांत हा स्विच गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला, लिव्हरच्या केबलने फिरणाऱ्या दांड्यावर बसवलेला असतो. प्लास्टिकच्या चपट्या डबीत तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांवरून घासत सरकणारे संपर्कबिंदू, एवढाच त्याचा संसार. काही नव्या गाड्यांत मात्र चुंबकीय सेन्सर असतो; तिथे घासणारे काही नसल्याने साफ करण्याचाही प्रश्न येत नाही. डबी उघड्यावर, इंजिनाच्या उष्णतेत आणि रस्त्याच्या चिखलपाण्यात राहते. आतले ग्रीस वाळते, घर्षणाने सुटलेली तांब्याची भुकटी त्यात मिसळते, सील जुने झाले की ओल शिरते आणि पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून गेलेल्या किंवा समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे दुखणे लवकर जडते.

हा दोष दुसऱ्यांचे रूप घेऊन येतो, ही त्याची खरी अडचण. गाडी सेल्फ घेत नाही म्हणून बॅटरी बदलली जाते. गिअर झटक्याने पडतात म्हणून गिअरबॉक्स उघडण्याची बोलणी सुरू होतात. वास्तविक खुणा पुष्कळ बोलक्या असतात. पीमध्ये सेल्फ लागत नाही, पण एनमध्ये लागतो. लिव्हर किंचित हलवून धरला की लागतो. रिव्हर्स लाइट कधी लागतो, कधी नाही. लिव्हर डीवर असताना डॅशबोर्डवरचे अक्षर गायब होते. यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर आधी या स्विचकडे पाहावे. संगणकाला परस्परविरोधी संकेत मिळाले की तो गिअरबॉक्सला एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. स्कॅनरवर पी०७०५ ते पी०७०९ या पट्ट्यातील कोड दिसतात. व्होल्वो ८५०च्या ऑटोमॅटिक गाड्यांत हा स्विच गंजला की डॅशबोर्डवरचा बाण लुकलुकू लागतो, हे त्यांच्या मालकांना चांगले परिचित आहे.

कोड मिळाला म्हणजे स्विचच गेला, असे मात्र नव्हे. कपलरमधले (वायर जोडणाऱ्या प्लगमधले) पाणी, उंदराने कुरतडलेली वायर आणि ढिली केबल यांनीही तोच कोड येतो. साध्या संपर्काच्या स्विचची परीक्षा मल्टिमीटरने होते : कपलर काढून सेल्फच्या दोन पिनांमध्ये मोजले असता फक्त पी आणि एनमध्ये जोड दिसावा, बाकी सर्व जागी तुटलेला. कोणत्या पिना, ते त्या मॉडेलच्या वायरिंगच्या नकाशावरूनच ठरवावे.

सर्वांत सोपा उपाय फुकट आहे. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चावी ऑन आणि पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर पीपासून शेवटच्या जागेपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवला की घर्षणानेच पट्ट्या थोड्या उजळतात. याने गाडी सुधारली, तर दोष कुठे आहे हेही कळते. नीट सफाईसाठी बॅटरीची ऋण तार सोडवून स्विच काढतात, कपलर व पट्ट्या कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतात आणि विजेच्या संपर्कांसाठीच्या ग्रीसचा पातळ हात देतात. कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नये, तो प्लास्टिक आणि सील खातो. रिव्हेट केलेली डबी फोडून उघडण्याचा उद्योग नवा स्विच मिळतच नसेल तर करावा. एकदा मोडलेले सील पहिल्यासारखे बसत नाही.

नवा स्विच बसवणे हे दोन-तीन बोल्टांचे काम, पण खरे कसब जुळवणीत आहे. लिव्हर एनवर ठेवून स्विचवरची खूण आणि दांड्यावरची खाच एका रेषेत आणायची आणि मगच बोल्ट आवळायचे. काही गाड्यांत खुणेऐवजी भोकात पिन घालून जागा धरतात. दोन-चार अंश चुकले तरी नवाकोरा स्विच जुन्यासारखाच वागतो आणि विनाकारण दुसरा आणला जातो. काही मॉडेलांत स्कॅनरने संगणकाला नवी जागा शिकवावी लागते.

घाईत काही ठिकाणी स्विच काढून टाकून वायरी ‘डायरेक्ट’ जोडतात. गाडी सुरू होते, पण मग ती कोणत्याही गिअरमध्ये सुरू होते. घरात मुले आणि समोर भिंत असेल तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुरुस्तीनंतर गाडी मोकळ्या जागी घ्यावी, ब्रेक दाबून धरावा आणि लिव्हरच्या प्रत्येक जागी चावी फिरवून पाहावी. पी आणि एन सोडून आणखी कुठेही सेल्फ लागला, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये.