मेघांचा विद्युद्भार : सिमला ते वऱ्हाड

अमरावती-अकोल्याकडे मृगाचा पाऊस म्हणजे आधी वावटळ, मग गडगडाट आणि मग सरी. पेरणीची घाई असलेला शेतकरी नेमका त्याच वेळी वावरात असतो आणि पाऊस आला म्हणजे धुऱ्यावरच्या बाभळीखाली आसरा घेतो. वीज पडून माणसे जातात ती बहुधा अशीच. तेव्हा मेघांतील विद्युद्भाराचा इतिहास आपल्याला परका नाही.

ढगात वीज असते हे फ्रँकलिनच्या पतंगाने 1752 मध्ये दाखविले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला रिखमान हा पंडित असाच प्रयोग करताना विजेने मेला. परंतु ढगाच्या कोणत्या भागात धन भार व कोणत्या भागात ऋण, हे कळण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. आणि त्या वादातला एक पक्ष आपल्याच देशात जन्मला. हवामान खात्यातील जॉर्ज सिम्पसन यांनी 1908 च्या पावसाळ्यात सिमल्यास पावसाचे पाणी भांड्यात धरून त्यावरील भार विद्युन्मापकाने मोजला. धन भार अधिक भरला. वर चढणाऱ्या वाऱ्याने मोठे थेंब फुटतात, पाण्यावर धन भार राहतो व ऋण भार हवेबरोबर वर जातो, असे त्यांनी मांडले. म्हणजे ढगाचा तळ धन. केंब्रिजचे सी. टी. आर. विल्सन यांनी वीज चमकताना जमिनीवरील विद्युत्क्षेत्र कसे पालटते ते मोजले होते. त्यांचे म्हणणे नेमके उलट.

या वादाच्या काळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जी हे डोक्यावरून जाणाऱ्या ढगांचे विद्युत्क्षेत्र नोंदवीत होते. त्यांचा निबंध 1930 मध्ये निघाला. हेच गृहस्थ पुढे 1944 मध्ये वेधशाळांचे पहिले भारतीय महासंचालक झाले. पण जमिनीवरून मोजणे म्हणजे भिंतीआडून भांडण ऐकणे! निवाड्यासाठी ढगातच शिरावयास हवे होते. सिम्पसन व स्क्रेझ यांनी लंडनजवळच्या क्यू येथून फुग्यांबरोबर उपकरणे ढगांत सोडली. 1937 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: माथ्यावर धन, त्याखाली ऋण, आणि पायथ्याशी पावसाच्या जागी धन भाराचा लहानसा कप्पा. मुख्य गोष्टीत विल्सन बरोबर ठरले, आणि आपल्या मताविरुद्धचा पुरावा सिम्पसन यांनी स्वतःच जगापुढे ठेवला! मला तरी हे त्या आलेखांहून मोठे वाटते.

आज पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था विजेपासून निघणाऱ्या रेडिओलहरी अनेक ठिकाणी टिपते, त्या पोचण्याच्या वेळांतील फरकावरून जागा काढते आणि ‘दामिनी’ या मोबाईलवरील सोयीने इशारा देते. मोबाईल हाताशी नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांस एक किलोमीटर. तिसाच्या आत आकडा आला की बाभूळ सोडून पक्के घर गाठावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वावरात परतू नये.