दंतप्लाक
दंतप्लाक म्हणजे दातांवर, विशेषतः हिरडीलगत व दोन दातांमधील फटीत, साचणारा जीवाणूंचा चिकट थर. दात स्वच्छ केल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचे पातळ पटल दंतवल्कावर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणावर, बसते. त्याला प्रथम स्ट्रेप्टोकॉकस गटातील जीवाणू चिकटतात आणि पुढे प्राणवायूविना वाढणारे जीवाणू स्थिरावतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू साखरेपासून चिकट ग्लुकान व आम्ल तयार करतो, आणि सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. म्हणूनच साखरेच्या प्रमाणाइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली जाते यालाही महत्त्व आहे. न काढलेल्या थरात लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट साचून ब्रशने न निघणारे कीटण बनते. दंतस्वच्छता थांबवल्यास तीन आठवड्यांच्या आत हिरड्या सुजतात व ती पुन्हा सुरू केल्यास पूर्ववत होतात, हे हाराल्ड ल्यो व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवले. फ्लोराइडमुळे दंतवल्काचा आम्लरोध वाढतो. मात्र बंगळूरजवळच्या कोलार व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांत अनेक ठिकाणी कूपनलिकांच्या पाण्यातच ते जास्त असल्याने तेथील दातांवरचे तपकिरी डाग फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे होणाऱ्या विकाराचे, असू शकतात, आणि ते प्लाकप्रमाणे घासून जात नाहीत.