सालीतले औषध: टॅक्सोलची तीस वर्षे

१/ ऑगस्ट १९६२. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील अरण्यात वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी पॅसिफिक यू या वृक्षाची साल गोळा केली. लाकूडतोड्यांच्या लेखी हे झाड कवडीमोलाचे होते. बार्कले यांना मात्र राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या तपासणीसाठी नाना वनस्पतींचे नमुने हवे होते.

२/ सालीचा अर्क कर्कपेशींना मारक ठरला. त्यातील नेमके द्रव्य शोधले नॉर्थ कॅरोलायनातील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी यांचा जन्म १९२५ साली खानदेशातील नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले होते. १९७१ साली या दोघांनी सहकाऱ्यांसह ‘टॅक्सोल’ची रेणुरचना प्रसिद्ध केली.

३/ तरीही फारसा उत्साह कोणी दाखवला नाही. सालीत द्रव्य अत्यल्प, ते पाण्यात विरघळत नसे आणि साल सोलली की झाड मरे. शिवाय पेशीविभाजन रोखणारी औषधे सदाफुलीपासून आधीच मिळाली होती. मग नव्या द्रव्याचा खटाटोप कशासाठी?

४/ उत्तर १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ यांनी दिले. विभाजनाच्या वेळी पेशीत सूक्ष्म नलिकांचे जाळे उभे राहते. गुणसूत्रे दोन बाजूंना नेण्यासाठी या नलिका सतत जुळाव्या आणि सुटाव्या लागतात. सदाफुलीतील द्रव्ये त्या जुळू देत नाहीत. टॅक्सोल त्या सुटू देत नाही. नलिका गोठतात, विभाजन अडते आणि पेशी मरते. ही रीत सर्वस्वी नवी होती.

५/ १९८९ साली अंडाशयाच्या कर्करोगावरील चाचणीत, इतर उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. सालीची मागणी वाढली आणि पेच उभा राहिला: रुग्ण वाचवावेत की अरण्य? १९९२ च्या डिसेंबरात औषधाला मान्यता मिळाली. पुढे युरोपीय यूच्या पानांतील द्रव्यापासून टॅक्सोल घडवता येऊ लागले. पाने पुन्हा फुटतात. झाड मारावे लागत नाही.

६/ ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज या इतिहासापुढे टिकत नाही. यू हा विषारी वृक्ष आहे आणि टॅक्सोल निरोगी विभाजनशील पेशींनाही इजा करते. म्हणूनच रुग्णांचे केस गळतात. विषाचे औषध झाले ते द्रव्य वेगळे काढून, त्याची रीत उलगडून आणि मात्रा ठरवून. सालीपासून मान्यतेपर्यंतच्या वाटचालीस तीस वर्षे लागली ती त्यामुळेच.