पिकातील पट्टे आणि जमिनीखालचे बांधकाम : उपग्रह चित्रे कशी वाचावीत?

भात काढणीनंतर घेतलेल्या वालाच्या शेतात एखादा सरळ पट्टा दरवर्षी त्याच जागी लवकर पिवळा पडतो. खत, फवारणी करूनही फरक पडत नाही. अशा वेळी कारण जमिनीखाली असू शकते: जुना पाया, बुजवलेली विहीर, चर किंवा पुरलेली पाइपलाइन.

पट्टे का दिसतात?
- भिंत, पाया, फरसबंदी : वर मातीचा थर कमी असतो. ओल लवकर संपते. पीक खुजे राहून आधी पिवळे पडते.
- बुजवलेला चर किंवा खड्डा : भुसभुशीत माती खोलवर असते. ओल टिकते. पीक उंच व जास्त दिवस हिरवे राहते.
- पाइपलाइन : खोदाईत खालची माती वर येते, यंत्रांमुळे जमीन दबते. त्यामुळे लांबलचक पट्टा दिसतो.

कधी पाहावे?
खरिपात भातखाचरात पाणी साचलेले असल्याने ओलीतील फरक झाकला जातो, शिवाय आकाश ढगाळ असते. पनवेल परिसरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. वाल, चवळी ही पिके शिल्लक ओलाव्यावर वाढतात, म्हणून फरक ठळक उमटतो. आयर्लंडमध्ये जुलै २०१८ च्या दुष्काळात न्यूग्रेंजजवळच्या शेतात ड्रोनमधून प्राचीन वर्तुळाकार रचना दिसली, तीही याच तत्त्वाने.

कोणती चित्रे वापरावीत?
- सेंटिनेल-२ : मोफत. दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी चित्र. एक चौकोन १० मीटरचा, त्यामुळे रुंद पट्टे कळतात. एक मीटरची भिंत दिसत नाही.
- एनडीव्हीआय : अवरक्त व लाल प्रकाशाच्या परावर्तनातील फरक भागिले त्यांची बेरीज. निरोगी, दाट पिकात हा आकडा जास्त येतो.
- ड्रोन : काही सेंटिमीटरपर्यंत तपशील मिळतो. नवी मुंबई विमानतळ जवळ असल्याने डिजिटल स्काय नकाशा पाहून, आवश्यक परवानगी घेऊनच उडवावा.

खात्री कशी करावी?
१. किमान तीन वर्षांची एकाच महिन्यातील चित्रे ताडून पाहावीत.
२. सरळ रेषा, काटकोन किंवा वर्तुळ दरवर्षी त्याच जागी दिसते का, ते पाहावे. रोग-किडीचे ठिपके जागा बदलतात.
३. जुना बांध, पायवाट, ट्रॅक्टरची चाकोरी ही कारणे आधी वगळावीत. खार जमिनीत क्षारांमुळेही पीक विरळ होते. तेथे माती परीक्षण करावे.
४. पट्ट्यातील व बाहेरील माती वेगळी तपासावी.

खोदण्यापूर्वी
दाभोळ-पनवेल वायुवाहिनी या भागात येते. पट्टा लांब व सरळ असल्यास खुणेचे खांब शोधावेत, तलाठ्याकडे वापर हक्काची नोंद पाहावी. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानुसार संपादित पट्ट्यात शेती करता येते. मात्र बांधकाम, विहीर, तळे व झाडे लावणे यांस मनाई आहे. शेततळे किंवा फळबागेची आखणी त्याआधीच तपासावी.

जुने बांधकाम, नाणी वा मूर्ती आढळल्यास खोदाई थांबवावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.

लक्षात ठेवा : चित्र फक्त शंका दाखवते. खाली काय आहे, याचा निर्णय जागेवरील तपासणीनंतरच करावा.